पंचनामा भिंतींचा, वाताहत बिऱ्हाडांची

कृष्णा-पंचगंगेच्या काठी महापूर येऊन गेला म्हणजे पाणी पुरते ओसरण्यापूर्वीच एक युक्तिवाद वर येतो, आणि तो इतक्या सभ्य व हिशेबी भाषेत मांडला जातो की त्याला विरोध करणारा माणूस भाबडा ठरावा. युक्तिवाद असा : सरकारी तिजोरी ही करदात्यांची ठेव आहे, तीतून द्यावयाची मदत सिद्ध झालेल्या नुकसानीपुरतीच असावी, घर ज्याच्या मालकीचे, घराचे नुकसान त्याचेच, भाड्याने राहणारा आज येथे तर उद्या तेथे, त्याची भांडीकुंडी गेली असतील तर त्यासाठी सानुग्रह अनुदान आहेच, आणि ज्याने नदीलगत बिऱ्हाड थाटले त्याने जोखीम समजून-उमजून पत्करलेली असल्यामुळे त्याला पुन्हा तेथेच उभे करणे म्हणजे पुढल्या पुराला अक्षत देणे होय, तेव्हा त्याला गावाबाहेर उंच जागी नेऊन बसवावे आणि विषय एकदाचा मिटवावा. यातील प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर बिनतोड वाटते. सगळी एकत्र ठेवली म्हणजे मात्र निष्कर्ष असा निघतो की, ज्याच्यापाशी पुरापूर्वी सर्वांत कमी होते त्याच्याच पदरात पुरानंतरही सर्वांत कमी पडावे. हा निष्कर्ष उघडपणे मांडण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नाही. तो शासनाच्या कोष्टकांतून आपोआप अमलात येत असल्यामुळे ते करण्याची कोणाला गरजही भासत नाही.

ती कोष्टकेच प्रथम पाहू. २०२१ च्या जुलैत चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर या भागांत जो अनर्थ झाला त्यानंतर राज्य शासनाने घरांसाठी जे दर जाहीर केले ते असे होते : पूर्ण पडलेल्या घरास १,५०,००० रुपये, निम्म्या पडझडीस ५०,०००, चतुर्थांशास २५,०००, त्याहून कमी पडझडीस व नष्ट झालेल्या झोपडीस १५,०००, शिवाय कपडे आणि भांडी यांसाठी कुटुंबामागे १०,०००. केंद्राच्या निकषांपेक्षा हे दर अधिक उदार होते, हे मान्य करणे न्यायाचे आहे. परंतु हेच कोष्टक भाडेकरूच्या बाजूला उभे राहून वाचावे. शेवटची रक्कम सोडली तर बाकी सर्व ओळी भिंतींविषयी आहेत, आणि भिंती घरमालकाच्या आहेत. एका जुन्या घरात पाच खोल्यांतून पाच बिऱ्हाडे नांदत असतील आणि ते घर पाण्याने बसले, तर पडझडीचा पंचनामा एक होतो, धनादेश एका नावाने निघतो, आणि पाच कुटुंबे आपापले १०,००० रुपये घेऊन, तेही शिधापत्रिकेवरचा पत्ता जुळला तर, रस्त्यावर उभी राहतात.

त्याहूनही विपरीत गोष्ट अशी की, शहरांतील पुष्कळ घरे हल्ली पडतच नाहीत. सिमेंटच्या खोलीत चार दिवस माळ्याला टेकेल एवढे पाणी उभे राहते, आणि ओसरल्यावर भिंत जागच्या जागी असते. तलाठ्याच्या रकान्यात 'पडझड नाही' असा शेरा पडतो. आत पाहावे तर गुडघाभर गाळ, त्यात उताणे पडलेले पिठाचे डबे, फुगून दारांचे तोंड न मिटणारे कपाट, भिजून माणसाला उचलता न येणाऱ्या गाद्या, आणि ज्या शिलाई यंत्रावर घरातल्या बाईची महिन्याची कमाई चाले त्याच्या चाकाला चढलेला तांबूस गंज. कोष्टकाच्या दृष्टीने घर शाबूत आहे. घरातले माणूस मात्र नव्याने संसार मांडण्याइतके निर्धन झालेले आहे. पडझड हीच नुकसानीची एकमेव खूण मानणारी मोजपट्टी मातीच्या घरांच्या काळात कदाचित न्याय देत असेल. आज ती गरिबाच्या हानीजवळून न थांबता पुढे निघून जाते.

मोजपट्टी मिळकतीची असावी आणि माणसाची नसावी, ही खोड केवळ पुराच्या खात्यापुरती नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात जी गावे नव्याने वसविण्यात आली तेथे कुटुंबाला मिळावयाच्या घराचे क्षेत्रफळ त्याच्या जमिनीवरून ठरले. भूमिहीनास व अत्यल्प जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, मध्यम खातेदारास ४५०, आणि मोठ्या खातेदारास ७५०. कुटुंबात खाणारी तोंडे किती, म्हातारे किती, विधवा किती, हा प्रश्न त्या वाटपात गौण होता. जमीनदाराला गुरे, धान्य, अवजारे ठेवण्यास जागा अधिक लागते हे समर्थन मला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु धरणीमाता ज्या रात्री हादरली त्या रात्री सातबाऱ्यावरचे क्षेत्र पाहून ती कोणाला कमी आणि कोणाला जास्त हादरवीत नव्हती.

आता पुराव्याकडे वळू. कारण विरोधकांचा खरा आधार तोच आहे. भाडेकरूने आपण येथे राहत होतो हे सिद्ध करावे, असे म्हणण्यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच की सिद्ध कशाने करावे. सांगलीतील सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या वस्त्या, जेथे कृष्णेवरील आयर्विन पुलाखालची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की माणसे सामानाची बांधाबांध करू लागतात, त्या दप्तराच्या दृष्टीने कशा वसल्या हे पाहण्यासारखे आहे. शहराच्या कडेच्या शेतजमिनी गुंठ्या-गुंठ्याने विकल्या गेल्या, व्यवहार मुद्रांकाच्या कागदावर नोटरीपुढे झाला, सातबाऱ्यावर नाव चढले नाही, आणि त्या एका गुंठ्यावर बांधलेल्या दोन खोल्यांपैकी एक पुन्हा भाड्याने दिली गेली, ती तोंडी. २००१ साली शासनाने गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा केला. नगरपालिकांनी त्यापूर्वीही या घरांना क्रमांक दिले, दिवाबत्ती दिली आणि घरफाळा वसूल केला. म्हणजे ज्या दिवशी पैसे घ्यावयाचे होते त्या दिवशी हा इसम सरकारच्या परिचयाचा होता. ज्या दिवशी द्यावयाचे आले त्या दिवशी त्याला ओळख पटवून द्यावी लागते. तीही कोणत्या कागदांनी? करारनामा, वीजबिल, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, म्हणजे नेमके तेच कागद जे ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले असतात आणि पाणी घरात शिरले की प्रथम ज्यांचा लगदा होतो. गाळातून काढलेली शिधापत्रिका दोरीवर वाळत घातलेली ज्याने पाहिली आहे, तिची पाने उलगडावी तर फाटतात आणि न उलगडावी तर नाव दिसत नाही हे ज्याने पाहिले आहे, त्याला पुराव्याच्या या अटीतील क्रौर्य निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि हा पुरावा केवळ त्या बिऱ्हाडापाशीच आहे असे थोडेच आहे? मतदारयादी सरकारच्याच कचेरीत आहे, शिधावाटपाची नोंद तहसिलात आहे, मुलांची नावे शाळेच्या पटावर पत्त्यासह आहेत, गॅसच्या टाकीची नोंद वितरकाकडे आहे. चोरी-मारामारीचे पंचनामे शेजारच्या इसमांच्या साक्षीवर या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि त्यांवर माणसे तुरुंगातही गेली आहेत. त्याच शेजाऱ्यांची साक्ष 'हे बिऱ्हाड येथे तीन वर्षे राहत होते' एवढे सांगण्यास अपुरी का पडावी, हे कोणी समजावून देईल तर बरे होईल. खोटे लाभार्थी निघतात, यात शंका नाही. पण लबाडीला कागदांचे वावडे नसते, उलट कागद बाळगणाऱ्यालाच ती अधिक साधते. एका छपराखाली ऐन वेळी तीन शिधापत्रिका दाखविण्याची युक्ती ज्याच्यापाशी एकही नाही त्याला सुचणार कशी? २०१९ च्या ऑगस्टमध्ये १० किलो गहू व १० किलो तांदूळ फुकट देताना घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असले पाहिजे अशी अट घालण्यात आली आणि तिच्यावर चोहोकडून टीकेची झोड उठली. वीस किलो धान्य लबाडाच्या हाती जाऊ नये म्हणून जेवढी दक्षता घेतली गेली तेवढी ते उपाशी माणसापर्यंत पोहोचावे म्हणून घेतली गेली काय, एवढेच त्या वेळी विचारावयास हवे होते.

भाडेकरूचा त्या जागेशी संबंधच काय, हा प्रश्न करणाऱ्यांनी कायदा तरी पाहावा. १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा कोणी समाजवाद्याने लिहिलेला नाही. इंग्रजी मालमत्ताहक्काच्या कडक परंपरेत वाढलेल्या मंडळींनी तो रचला. त्याच्या १०८ व्या कलमात आग, वादळ, पूर, सैन्याचा वा जमावाचा उत्पात यांनी भाड्याच्या मिळकतीचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला वा कायमचा निरुपयोगी ठरला, तर भाडेपट्टा रद्द करावयाचा की नाही याची निवड भाडेकरूकडे सोपविलेली आहे. पूर हे कारण त्या कलमात नावानिशी आहे. २०१४ साली शहा रतनसी खिमजी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने, इमारत पाडली गेली एवढ्याने भाडेकरूचा हक्क लयास जात नाही, असा निर्णय दिला. कायद्याने दिलेली ही निवड पूरग्रस्त वस्तीत प्रत्यक्षात कोण बजावतो? घरमालक दुरुस्तीचे अनुदान घेतो, फरशी आणि रंग नवा करतो, आणि नव्या भाड्याने नवे बिऱ्हाड आणतो. जुन्या बिऱ्हाडाची अनामत रक्कम 'दुरुस्तीत गेली' म्हणून परत येत नाही. सगळेच घरमालक असे वागतात असे मी म्हणत नाही. त्यांच्यातही पुष्कळ जण पोटाला चिमटा घेऊन एक खोली वाढविणारे, तिच्या भाड्यावर औषधपाणी चालविणारे असतात. म्हणूनच तर शासनाने मध्ये असावयास हवे : दुरुस्तीचे अनुदान सरकारी असेल तर जुन्या भाडेकरूला जुन्याच भाड्याने निदान दोन वर्षे परत घेण्याची अट त्या अनुदानाला जोडण्यात अन्याय कोणता?

जोखमीचा मुद्दा याहून नाजूक आहे. कारण त्यात अर्धे सत्य आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, अशा दोन रेषा पाटबंधारे खाते नकाशावर आखते. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मध्ये ते नियंत्रित. या रेषांच्या आत माणसे राहू नयेत हे खरे. परंतु त्यांच्या आत केवळ गरीबच राहतात हा भास आहे. २०१९ साली आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्याही वर गेले तेव्हा ते बाजारपेठेत शिरले, वाड्यांत शिरले, दवाखान्यांत शिरले. २०२१ साली वाशिष्ठीने चिपळूणची सारी पेठ बुडविली. त्या व्यापाऱ्यांना कोणी विचारले नाही की तुम्ही नदीकाठी दुकान का थाटले. उलट शासनाने दुकानदारांनाही ५०,००० रुपयांपर्यंत मदत देऊ केली आणि ती योग्यच होती. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने नदीपात्रातील व पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखविले. पण नदीचा प्रवाह अडविणारा भराव आणि पुराच्या पाण्यात उभी असलेली पत्र्याची खोली यांत फरक करण्याचे भान चर्चेत उरत नाही. जो पाणी अडवितो तो आणि ज्याच्यावर पाणी येते तो, दोघांनाही एकाच शब्दाने दोषी ठरविले की पहिल्याची सोय होते. गरीब नदीकाठी गेला तो शहराने उंचावरची जमीन त्याला परवडू दिली नाही म्हणून. याला निवड म्हणावयाचे असेल तर म्हणावे. निदान तिच्याबद्दल त्याला दंड करू नये.

उरला गावाबाहेर नेऊन बसविण्याचा उपाय. तो सुचविणारे लोक बहुधा मनाने वाईट नसतात. त्यांना उंच, कोरडी, सरळ रस्त्यांची वसाहत डोळ्यांपुढे दिसत असते. कोल्हापूरच्या सुतारवाड्यातील कुटुंबे पंचगंगा फुगली की वर्षानुवर्षे बोचकी घेऊन चित्रदुर्ग मठात जातात आणि पाणी उतरले की परततात. पाहणाऱ्याला वाटते, ही माणसे हट्टी आहेत. पण सुतारवाडा बाजारपेठेला लागून आहे. पहाटे बाजारात पोहोचणाऱ्या हमालाला, चार घरची धुणीभांडी करून दुपारी मुलांना जेवू घालण्यास परतणाऱ्या बाईला, दहा किलोमीटर दूरचे उंच घर म्हणजे रोजच्या रोजंदारीतून दोन वेळचे बसभाडे आणि दोन तासांची मजुरी वजा. घर फुकट मिळाले तरी तेथे राहणे त्याला महाग पडते. घाईने बांधलेल्या नव्या वसाहतींचा अनुभवही काही फार आश्वासक नाही. ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गाडल्या गेलेल्या माळीणचे नवे गाव आमडे येथे उभारले, एप्रिल २०१७ मध्ये घरे लोकांच्या स्वाधीन झाली, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात रस्ते खचले व भिंतींना तडे गेले.

मग पुनर्वसन साधतच नाही काय? साधते, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या घरातच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि मुठेच्या पाण्याने शनिवार, नारायण, कसबा या पेठांतील जुने वाडे पाहता पाहता बसले. त्या वाड्यांत मालक एक आणि भाडेकरू अनेक : कारकून, शिक्षक, छापखान्यातले जुळारी, विधवा स्त्रिया, वार लावून शिकणारे विद्यार्थी. 'वाडा मालकाचा, तेव्हा नुकसान मालकाचे' असे म्हणून शासनाने हात झटकले असते तर पुण्याच्या पेठांतील निम्नमध्यमवर्ग त्या एका दिवसात निराधार झाला असता. तसे घडले नाही. यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळाने स. गो. बर्वे यांच्यासारख्या, पुण्याचे आयुक्तपद भूषविलेल्या आणि शहराची गल्ली न् गल्ली ठाऊक असलेल्या प्रशासकाकडे ही कामगिरी दिली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, पर्वतीच्या पायथ्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. पूरग्रस्तांच्या शंभरावर सहकारी गृहरचना संस्था निघाल्या आणि त्यांना जमिनी मिळाल्या. पाण्याने ज्याचे छप्पर गेले त्याला छप्पर द्यावयाचे, ते छप्पर त्याच्या मालकीचे होते की नव्हते हा प्रश्न त्या कामात आडवा आला नाही.

पानशेतचे मी गुणगान करीत बसणार नाही. तात्पुरती म्हणून दिलेली पत्र्याची अर्धगोल घरे कित्येकांच्या नशिबी दीर्घकाळ राहिली, आणि त्या संस्थांच्या जमिनीच्या मालकीहक्काचा घोळ तर अर्धशतकाहून अधिक काळ सरकारी दप्तरात लोळत पडला. त्या वसाहती त्या काळी शहराच्या कडेला होत्या हे खरे, पण सायकलीच्या टप्प्यात होत्या, हा भेदही विसरता कामा नये. यावर एक चतुर उत्तर येते : पानशेतचे धरण सरकारचे होते, म्हणून सरकारने प्रायश्चित्त घेतले, कृष्णेचा पूर आभाळाचा आहे. हे उत्तर मला पटत नाही. कोणत्या धरणातून कोणत्या दिवशी किती पाणी सोडावे, पूररेषेत कोणाला परवाना द्यावा, कोणता ओढा बुजवून त्यावर रस्ता न्यावा, हे सारे आभाळ ठरवीत नाही. त्याचे हुकूम कचेऱ्यांतूनच निघतात. आणि समजा, सारा दोष आभाळाचा. तरी मग त्याच आभाळाखालच्या घरमालकाला दीड लाख आणि भाडेकरूला दहा हजार, हे प्रमाण आभाळाने ठरविले काय?

पैसा कोठून आणावा, हा आक्षेप शेवटी राहतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु येथे मागितले जाते ते फार नाही. २०१९ साली ज्यांची घरे पूर्ण पडली त्यांना पर्यायी निवाऱ्यासाठी शहरात ३६,००० आणि खेड्यात २४,००० रुपये भाड्यापोटी देण्याचे शासनाने ठरविले होते. ही तजवीज चांगली होती. ती घर पडलेल्यापुरती मर्यादित न ठेवता, ज्याची खोली राहण्याजोगी उरली नाही त्या भाडेकरूलाही लागू करावी, एवढीच मागणी आहे. पुरानंतर उंचावरच्या खोल्यांना एकदम गिऱ्हाईक वाढते, भाडे चढते, घरमालक चार-सहा महिन्यांची अनामत मागतो, आणि ती नसल्यामुळेच बिऱ्हाड शाळेच्या वर्गातून उठून पुन्हा त्याच ओल्या खोलीत जाते. त्या अनामतीचा भार शासनाने उसनवारीने जरी उचलला, आणि तो पुढे हप्त्यांनी वसूल केला, तरी पुष्कळ कुटुंबे महिन्याभरात मार्गी लागतील. नवी वसाहत बांधण्याच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नव्हे.

आणि हे पूर आल्यावर सुचून उपयोगी नाही. मे महिन्यात प्रत्येक तहसिलात पावसाळ्याच्या पूर्वतयारीची बैठक भरते. बोटी किती, पट्टीचे पोहणारे किती, निवाऱ्यासाठी कोणत्या शाळा, यांच्या याद्या होतात. त्याच बैठकीत निळ्या आणि लाल रेषेच्या आतील प्रत्येक खोलीत कोणाचे बिऱ्हाड आहे, मालक कोण, भाडेकरू कोण, घरात माणसे किती, याची एक यादी तलाठ्याने व प्रभागाच्या कारकुनाने दारोदार जाऊन करावी, ती शेजाऱ्यांना वाचून दाखवून त्यांच्या सह्या घ्याव्या, आणि तिची एक प्रत नदीपासून दूरच्या कचेरीत ठेवावी. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला निघणाऱ्याच्या हाती ही यादी असली पाहिजे.